अकरा वाजताची मिरची

हेमराजने पोत्याचं तोंड सोडलं. पितांबरशेठनी आत हात घालून मूठभर वाळलेली मिरची काढली, डोळ्यांसमोर धरली आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वा."

पेढीवरच्या सगळ्यांच्या माना वळल्या. नंदुरबारच्या बाजारात पितांबरशेठ एखाद्या मिरचीला 'वा' म्हणाल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. ते मिरची बघत, ओठ मुरडत आणि फार तर 'ठीक शे' म्हणत. तेवढ्यावर मिरची उत्तम आहे असं समजून माणसं पुढच्या बोलण्याला लागत. शेठची नजर हीच त्यांची दुकानदारी होती. दुसऱ्या पेढ्यांवर शेतकरी आणि व्यापारी हमरीतुमरीवर आले, की कुणीतरी म्हणायचं, "चाला, पितांबरशेठना डोयासमोर धरूत." आणि तिथे गेल्यावर वाद मिटायचा.

शेठनी त्या मुठीतली एक मिरची उचलून सदऱ्याच्या खिशात टाकली. गादीवर बसून मिरची खिशात टाकली की सौदा पक्का. ती खिशातून परत काढलेली कुणी पाहिली नव्हती.

दुपारी खात्याने हेमराजची सगळी पोती मागच्या अंगणात पालथी केली. खात्या हा पेढीवरचा जुना हमाल, धडगावकडचा. तो फारसा बोलत नसे. पण त्या दिवशी तो स्वतःहून गादीजवळ येऊन उभा राहिला.

"शेठ, हाई फटकी शे."

"कोनती?"

"सगयी."

शेठ अंगणात गेले. उन्हात पडलेला ढीग पांढुरका, डागाळलेला, आजारी माणसाच्या जिभेसारखा दिसत होता. बाजारात ज्याला फटकी म्हणतात, ती ही. शेठनी खिशातली मिरची काढून बघितली. तीही फटकीच होती. त्यांनी कोरीटला हेमराजला फोन लावला. हेमराज नात्याने पुतण्या लागत होता, शेठना नाना म्हणायचा, त्यामुळे शिव्यांनीच सुरुवात झाली. हेमराजने त्या शांतपणे ऐकून घेतल्या आणि सांगितलं, की तो ती मिरची फटकी म्हणूनच घेऊन आला होता. भावही फटकीचाच मागणार होता. पण नानांनीच कौतुक केल्यावर चार लोकांत मोठ्या माणसाला खोटं पाडणं त्याला बरं वाटलं नाही.

फोन ठेवून शेठ पुन्हा गादीवर आले. मग त्यांनी हळूच मान वर केली.

वर काचा होत्या.

काजल ही त्यांची एकुलती एक मुलगी. बडोद्याला चार वर्षं काचेचं काम शिकून ती दिवाळीत घरी आली होती. सुरतेच्या एका कंपनीकडून तिला बोलावणं होतं. ही कंपनी मोठमोठ्या हॉटेलांत रंगीत काचा अशा लावून देत असे, की सूर्य फिरेल तसा आतला उजेड बदलत जाई. काजलच्या आईला, धनुबाईंना, मुलीने सुरतेला जाणं मंजूर नव्हतं. तेव्हा शेठच म्हणाले होते, की सुरतेच्या हॉटेलात करायचं ते आपल्या पेढीत कर. काजलने त्यांच्यापुढे मोठा कागद पसरून नकाशा दाखवला होता. ते तेव्हा फोनवर होते. काचेचं काम म्हणजे भिंतीवर एखादी चौकट, तिच्यात राधाकृष्ण, खाली शुभ लाभ, असं त्यांनी मनाशी धरलं होतं आणि मान हलवली होती.

पेढी म्हणजे एक जुनं गोदाम होतं. वर पत्रे. फक्त गादीच्या डोक्यावर शेठनी स्वतः एक मोठा पारदर्शक पत्रा बसवून घेतलेला. ट्यूबलाइटखाली बघितलेली मिरची आणि फोटोवरून ठरवलेली सोयरीक, दोन्हींवर त्यांचा सारखाच अविश्वास होता. मिरचीचा रंग बघायचा तो वरून येणाऱ्या पांढऱ्या उजेडात. आणि सगळ्या पेढीत चांगला उजेड तेवढाच असल्यामुळे काजलने आपलं काम नेमकं त्याच पत्र्याखाली टांगलं. परातीएवढी लाल काच, तिच्याखालोखाल हिरवी, मग निळी, पिवळी, जांभळी आणि बारक्या कितीतरी. सगळ्या बारीक पोलादी सळ्यांच्या टोकांना तोलून, तारांवर लटकवलेल्या.

काम पूर्ण झालं त्या दिवशी सगळे खूष होते. भिंतींवर, पोत्यांवर, तराजूवर रंग उतरले होते. धनुबाईंनी डोळ्यांना पदर लावला. शेठनी जांभळ्या उजेडात बसून फोटो काढून घेतला आणि तो सोयऱ्यांना पाठवला. मिरची तेव्हा बाजारात आली नव्हती.

शेठ काही मूर्ख नव्हते. त्यांनी खात्याला हाक मारली आणि दोघांनी मिळून गादी दोन हात डावीकडे सरकवली. प्रश्न संपला असं वाटून त्यांनी चहा मागवला.

दुपारी काजल डबा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"पप्पा, गादी कुणी हलवली?"

"पाय आखडी जातस म्हनीसन…"

तिने डबा खाली ठेवला आणि पहिल्यांदाच सगळं नीट समजावून सांगितलं. हिवाळ्यातला सूर्य कुठून कुठे जातो याचं तिने महिनाभर टिपण केलं होतं. सकाळी पिवळा, अकराच्या सुमाराला लाल, दुपारी हिरवा, मग निळा, संध्याकाळी जांभळा, असे सगळे रंग पाळीपाळीने बरोबर गादीवर यावेत अशी मांडणी केली होती. या कामाचा मध्य म्हणजे पप्पांची गादी.

"सूर्य दिवसभर तुमच्याभोवती फिरावा असं बसवलंय मी," ती म्हणाली. "तुम्हीच उठून गेलात तर त्याने काय करायचं?"

शेठनी पुन्हा खात्याला हाक मारली. गादी जागेवर आली.

त्यांनी घरी धनुबाईंजवळ विषय काढून बघितला. धनुबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी हात न थांबवता सांगितलं, "तुम्ही काचनं काही बोलशात, तर पोर सुरतले जाई. मंग बसा तुम्हना पांढरा उजेडमा एकला."

म्हणजे घरी गप्प बसायचं आणि पेढीवर सांभाळून राहायचं. शेठनी ठरवलं, की लाल उजेड गादीवर असेल तोवर कुणाचीही मिरची बघायची नाही. लाल सरकला की धोका टळला. पण एका रंगाने फसवलं म्हणून दुसऱ्याबद्दल संशय घ्यावा, हे त्या गडबडीत त्यांच्या लक्षात आलं नाही. आणि दुसऱ्याच दिवशी, लाल उजेड गादीवरून पूर्ण उतरल्यानंतर, अनुसयाबाई आल्या.

अनुसयाबाईंची मिरची म्हणजे बाजारात आधीच ठरलेली गोष्ट असे. त्या मिरची वाळवायच्या पथारीवर मजूर लावत नसत. स्वतःच्या गच्चीवर वाळवत, स्वतः उलटवत आणि पोतं शिवतानासुद्धा कुणाला हात लावू देत नसत. शेठनी मूठ भरली, वर धरली आणि त्यांचा चेहरा पडला. मिरची काळी होती.

"मावशी, हाई तर काई पडेल शे. ओलीच भरी का?"

अनुसयाबाईंनी आधी शेठकडे बघितलं, मग मिरचीकडे, मग पुन्हा शेठकडे. त्यांनी ओच्यात चार मुठी मिरची घेतली, पेढीच्या पायऱ्या उतरल्या आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन एक रिक्षा अडवली.

"दादा, हाई मिरचीना रंग कोनता?"

रिक्षावाला घाबरून म्हणाला, "लाल."

"तुले दिसस ना? मंग ये, गादीवर बठ. शेठले दिसत नही."

रस्त्यावरचे लोक थांबले. उन्हात ती मिरची निखाऱ्यासारखी पेटलेली होती. शेठ पायरीवर उभे होते. काच, हिरवा रंग, सूर्य असं काहीतरी समजावून सांगावं असं त्यांना वाटलं. पण आत पोरीने टांगलेलं काम आणि बाहेर बाजार, यांच्यात तोंड कुठल्या बाजूला उघडावं हे कळेना. ते गप्प राहिले. आणि त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराने लावला : शेठना मोतीबिंदू झालाय.

त्यानंतर माणसं त्यांच्याशी मोठ्याने बोलू लागली. डोळ्यांचा आणि कानांचा संबंध काय, असं शेठना विचारावंसं वाटे. शेजारच्या पेढीवाल्याने त्यांचा हात धरून त्यांना गटार ओलांडून दिलं. लोणखेड्याहून सोयऱ्यांचा फोन आला, की ऑपरेशन हल्ली फार सोपं झालंय, टाकासुद्धा घालत नाहीत. शेवटी धनुबाई त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. शेठनी खालची सगळ्यात बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली. डॉक्टर म्हणाले, या वयात इतकी चांगली नजर मी बघितली नाही. धनुबाईंचं समाधान झालं नाही.

"अक्षरे काया ऱ्हातस, डॉक्टरसाहेब. लालनं विचारा."

डॉक्टरांनी रंगांचं पुस्तक काढलं. शेठनी तेही सगळं बरोबर सांगितलं. बाहेर आल्यावर धनुबाई म्हणाल्या, की काही आजार असे असतात, डॉक्टरसमोर गेलं की लपून बसतात.

शेठनी मग छत्री आणली. काळी, मोठी. ती उघडून ते गादीवर बसले. वरचे रंग अडले, पण त्याबरोबर उजेडही अडला. शेतकरी वाकून छत्रीखाली डोकं घालत आणि आत काय चाललंय ते बघून परत जात. दुसऱ्या दिवशी त्यांनी मिरची बघायला रस्त्यावरच खुर्ची टाकली. तिथे ऊन भरपूर होतं, पण वाराही होता. पोत्यात हात घातला की मिरचीची धूळ उडे आणि शेजारच्या मेडिकल दुकानासमोर रांगेत उभे असलेले लोक एका सुरात शिंकू लागत. खोकल्याचं औषध घ्यायला आलेली माणसं जास्त खोकत परत जात. शिवाय रस्त्याने जाणारा प्रत्येकजण थांबून स्वतःचं मत देत होता. एक सायकलवाला तर भाव सांगूनच गेला. मेडिकलवाल्याने तोंडाला रुमाल बांधून हात जोडले तेव्हा शेठ खुर्ची उचलून आत आले.

राहिलं मागचं अंगण. पण तिथे वेगळीच अडचण निघाली. शेठ अंगणात पोतं उघडून 'फटकी शे' म्हणत, आणि शेतकरी म्हणत, "बरं. आते गादीवर चाला." अंगणातलं बोलणं म्हणजे नुसत्या गप्पा; गादीवर बसून सांगितलेलं तेच खरं, हा रिवाज खुद्द शेठच्या वडिलांनी घातलेला होता. मग सगळे गादीजवळ येत. तिथे लाल उजेडात तीच मिरची कुंकवासारखी दिसे. चार माणसं वाकून बघत आणि म्हणत, लाल तर आहे. शेठ म्हणत, फटकी आहे. मग ती चार माणसं एकमेकांकडे बघून मान हलवत. फटकी म्हणावं तर डोळे गेले, आणि चांगली म्हणावं तर गोदाम फटकीने भरलं. शेठ चिडून मिरची खिशात टाकत, चांगल्या मिरचीच्या भावाने.

हळूहळू वेळापत्रक सगळ्या तालुक्याला पाठ झालं. सकाळी पेढी रिकामी असे. दुपारी कुणी फिरकत नसे. अकराच्या सुमाराला मात्र बाहेर पिकअप गाड्यांची रांग लागे आणि गावोगावची फटकी खाली उतरे. फटकीला बाजारात नवीन नावच पडलं. लोक म्हणू लागले, "चांगली आडतले देऊत, अकरा वाजताची शेठले देऊत."

शेठनी अकरा वाजता पेढी सोडून घरी जाऊन बसण्याचा प्रयोग केला. शेतकरी दुसऱ्या दिवसाच्या अकरापर्यंत थांबून राहिले. त्यांना घाई नव्हती. उजेड सुंदर होता. बायका आपापल्या पातळाला शोभेल असा रंग बघून त्यात बसत. खात्याने निळ्यात आपली जागा धरली होती. तिथे गार वाटतं असं त्याचं म्हणणं होतं आणि दुपारी तो तिथे पोत्याला टेकून झोपत असे. काजल येई तेव्हा माणसं इतक्या आनंदाने वर बघत बसलेली असत, की तिचा चेहरा फुलून जाई. आपलं काम लोकांपर्यंत पोचलं, असं ती आईला सांगे. आणि आई ते शेठना सांगे, मुद्दाम.

एके दिवशी मायलेकी कोरीटला बारशाला गेल्या. शेठनी पेढीचं दार लावून घेतलं आणि शिडी काढली. त्यांचा विचार साधा होता. सगळ्या काचा राहू द्यायच्या, फक्त लाल तेवढी उतरवून ठेवायची. विचारलं तर सांगायचं, वाऱ्याने पडली. त्यांनी शिडी धरली आणि खात्या वर चढला.

"हयूहयू काढ. बाकीन्याले हात लावू नको."

खात्याने बाकीच्यांना हात लावला नाही. त्याने लाल काच अलगद आकड्यातून सोडवली. उभा जन्म तराजूसमोर घालवलेल्या शेठना एका पारड्यातलं काढलं की दुसरं खाली जातं हे सांगण्याची गरज नव्हती. पण ते त्यांना आठवलं ते खात्याच्या कानाजवळून हिरवी काच सूंकन गेली तेव्हा. सळी फिरली, तिने खालची सळी फिरवली, तिने तिसरी. सगळं काम देवळातल्या झुंबराला भूत लागावं तसं गोल गोल फिरायला लागलं. पेढीभर रंग धावू लागले. निळा भिंतीवरून पळाला, पिवळा त्याच्या मागे लागला. खात्या शिडीवर डोळे मिटून, लाल काच छातीशी धरून बसला आणि आपल्या बोलीत कुठल्यातरी देवाला काहीतरी कबूल करू लागला. शेठना भोवळ आली. त्यांनी शिडी सोडली नाही, एवढंच.

संध्याकाळी काजलने ते सगळं बघितलं. काच फुटली नव्हती. शेठनी वाऱ्याबद्दल सांगितलं. दार लावलेलं असताना वारा कुठून आला, असं तिने विचारलं नाही. तिने लाल काच परत चढवली आणि वाऱ्याने पुन्हा असं होऊ नये म्हणून सगळ्या सळ्या दुप्पट जाड तारेने छताला आवळून टाकल्या. आता ते काम छपरासकटच निघालं असतं.

याच सुमाराला नवनीतभाईंचा फोन आला.

नवनीतभाई हे सुरतेचे मसाल्याचे मोठे व्यापारी. शेठची निम्मी मिरची तेच घेत आणि न बघता घेत. फोनवर शेठनी 'ठीक शे' म्हटलं की ट्रक भरून जायचा. इतक्या वर्षांत ते पेढीवर फक्त एकदा, काजलच्या बारशाला आले होते. आता ते म्हणाले, की बरेच दिवस भेट नाही, सहज येऊन जातो, जरा मालही डोळ्यांखालून घालतो.

शेठनी फोन ठेवला. 'सहज' या शब्दाचा अर्थ त्यांना कळला होता. मोतीबिंदूची बातमी सुरतेला पोचली होती. नवनीतभाई माल बघायला येत नव्हते, शेठचे डोळे बघायला येत होते. आणि गोदामात दाखवायला काय होतं? छतापर्यंत रचलेली अकरा वाजताची मिरची. ती बघून नवनीतभाई काही न बोलता चहा पिऊन जातील आणि पुन्हा कधी फोन करणार नाहीत. मग 'पितांबरशेठना डोयासमोर धरूत' असं या बाजारात कोण म्हणेल?

धनुबाईंनी त्यांच्यासमोरचं न जेवलेलं ताट बघितलं आणि सुचवलं, की नवनीतभाईंनाही अकरालाच बोलवा.

शेठ संतापले. असलं त्यांनी कधी केलं नव्हतं. मग त्यांनी विचार केला, की आपण खोटं बोलायचंच नाही. नमुना ताटलीत ठेवायचा आणि गप्प बसायचं. नवनीतभाईंचे डोळे त्यांना जे सांगतील ते सांगतील. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. चहापाण्यात अर्धा तास जाईल हे धरून त्यांनी नवनीतभाईंना साडेदहाला बोलावलं.

साडेदहा झाले. नवनीतभाईंचा फोन आला, की विसरवाडीच्या पुढे ट्रक आडवा झालाय. अकराला लाल उजेड गादीवर आला. ताटलीतली फटकी झळाळून उठली. पेढीत नेहमीची माणसं होती. हेमराज होता. अनुसयाबाई शेजारच्या पेढीवर माल घालून, इथे काय होतंय ते बघायला येऊन बसल्या होत्या. नवनीतभाईंचा पत्ता नव्हता. लाल उजेड ताटलीच्या कडेवर गेला. शेठनी ताटली थोडी सरकवली. मग आणखी थोडी. मग ताटली गादीवरून खाली पडायला आली तेव्हा त्यांनी खात्याला हाक मारून गादीच सरकवली. महिनाभर ज्या उजेडापासून ते पळत होते त्याच्या मागे आता ते वीतवीत जात होते आणि सगळी पेढी ते मुकाट्याने बघत होती.

"नाना, पाय आखडना का?" हेमराजने काळजीने विचारलं.

नवनीतभाई आले तेव्हा शेठ, गादी आणि ताटली पार कोपऱ्यात, पाण्याच्या माठाला खेटून होती. शेठनी एक खांदा भिंतीला लावला होता. लाल उजेडाचा शेवटचा तुकडा ताटलीवर होता. नवनीतभाईंनी ही बैठक बघून नमस्कार केला, शेजारी पोत्यावर बसले आणि ताटलीतून एक मिरची उचलली. उजेडात फिरवून बघितली.

"बहु सरस, पितांबरशेठ," ते म्हणाले. "आवी मिरची या वर्षी बघितली नथी. सगळा माल असाच छे?"

आता फक्त गप्प बसायचं होतं. शेठनी ओठ घट्ट मिटले. माठातलं पाणी ठिबकत होतं. नवनीतभाईंनी मिरची पुन्हा वर धरली आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "शूं रंग छे."

शेठच्या डोक्यात काहीतरी तुटलं. खोटेपणाची लाज वगैरे नव्हती ती. मिरचीच्या धंद्यात केस पांढरे झालेला माणूस त्यांच्या पेढीवर बसून, त्यांच्या डोळ्यांदेखत, फटकीला चांगली म्हणत होता, आणि ते त्यांना सहन होईना.

"कसाना रंग?" ते ओरडले. "फटकी शे ती. फटकी. तुम्हले दिसत नही का?"

नवनीतभाई बघतच राहिले. शेठनी त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना ओढत मागच्या अंगणात नेलं. त्यांच्या मागे सगळी पेढी गेली. उन्हात शेठनी त्यांच्या हातावर तीच मिरची ठेवली. मग भराभरा पोती उघडून दाखवायला सुरुवात केली. ही फटकी, ही फटकी, ही पावसात भिजलेली, ही हेमराजची, हिला तर फटकीसुद्धा म्हणवत नाही. आणि अनुसयाबाईंचा माल या जिल्ह्यात सगळ्यात चांगला होता आणि आपण त्याला काळा म्हणालो, कारण वर हिरवी काच आहे. हे सगळं ते एका दमात बोलले. बोलून झाल्यावर त्यांना दारात उभी असलेली काजल दिसली. डबा तिच्या हातात होता.

अनुसयाबाईंनी पदराने तोंड झाकून घेतलं. त्या हसत होत्या की काय ते कळलं नाही.

नवनीतभाईंनी हातातली मिरची खाली टाकली आणि खांद्यावर हात ठेवून शेठना सांगितलं, की त्यांची नजर ठीक आहे, छत तेवढं बिघडलंय. नजरेचीच खात्री करायला आलो होतो, ती झाली. माल फटकी म्हणून दाखवलात, तेव्हा फटकीच्या भावाने सगळा घेऊन जातो. शेठनी खात्याला चहा सांगितला.

चहा पिताना नवनीतभाई मान वर करून काचांकडे बघत होते. हे कुणी केलं, त्यांनी विचारलं. काजल पुढे आली. तिने सूर्याची वाट सांगितली, रंगांची पाळी सांगितली, तोल कसा साधला ते सांगितलं. नवनीतभाईंनी शेवटपर्यंत मन लावून ऐकलं. आतापर्यंत कुणी इतकं ऐकलं नव्हतं.

"बहु सरस," ते म्हणाले. "मने… मला पण एक पाहिजे, बेटा. सुरतेच्या दुकानात. गिऱ्हाईक जिथे माल बघतो ना, बरोबर त्याच्यावर." त्यांनी जरा विचार केला. "पण हिरवा, निळा नको. फक्त लाल. आणि तो हलायला नको. दिवसभर लाल."

काजलने शिडी आणली, पक्कड घेतली आणि वर चढली. शेठ धावत जाऊन शिडी धरून उभे राहिले. जाड तारा सोडवायला वेळ लागला. तिने लाल काच उतरवली, ओढणीत गुंडाळली आणि तिच्या जागी तेवढ्याच वजनाची साधी, बिनरंगाची काच टांगली. मग हिरवीचंही तसंच केलं. नवनीतभाई खाली दोन्ही हात पुढे करून उभे होते.

"ही विकायला नाही, काका," ती म्हणाली.

नवनीतभाई गेल्यावर ती शेठसमोर येऊन बसली.

"मला सांगितलं का नाही?"

"सांगं असतं तर तू सुरतले गयी असती."

"सुरतेला तर मी दिवाळीतच नाही म्हणून कळवलंय. आईला माहितीये."

शेठनी धनुबाईंचा नंबर लावला. धनुबाईंनी फोन उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला गादीवर लख्ख पांढरा उजेड पडला. शेठ आज लवकर येऊन बसले होते. बाहेर पिकअप थांबली. हेमराज पोतं खांद्यावर घेऊन आत आला, त्याने ते गादीसमोर ठेवलं आणि तोंड सोडलं. शेठनी मूठ भरली, डोळ्यांसमोर धरली आणि आनंदाने त्यांचा आवाज भरून आला.

"फटकी," ते म्हणाले.

हेमराजने मिरचीकडे बघितलं. वर बघितलं. मग चेहरा अगदी गंभीर करून शेठच्या जवळ सरकला आणि कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात म्हणाला, "नाना, परवालोंग तुम्हले चांगलं दिसे. आते धुळ्याले एकदा दाखाडी या. मन्हा वयखीना डॉक्टर शे."